दारातली बोराटी

तात्यांच्या दारात तुळस नव्हती, बोराटी होती. गावात शिरणारा सिमेंटचा रस्ता मारुतीच्या देवळापासून नाकासमोर येतो आणि तात्यांच्या घरापाशी आल्यावर एकदम पोट आत ओढून वळसा घेतो. परगावच्या मोटारसायकलवाल्यांना वाटतं, इथे कुणाची तरी समाधी असणार. काही जण चालत्या गाडीवरून हातही जोडतात. समाधी वगैरे काही नाही, एक काटेरी झुडूप आहे.

रस्ता झाला तेव्हा मी तात्यांच्याच घरात भाड्याने राहत होते, म्हणून मला ठाऊक आहे. ठेकेदाराचा जेसीबी दाराशी आला तेव्हा तात्यांनी आरडाओरडा केला नाही की ते आडवे पडले नाहीत. आतून लोखंडी खुर्ची आणली, बोराटीकडे पाठ करून बसले आणि दाढीचं सामान मागवलं. ड्रायव्हर म्हणाला, म्हाताऱ्याची दाढी होऊ दे, मग बघू. दाढी झाल्यावर तात्यांनी मिशा कातरल्या. मग पायाची नखं काढली. मग जेवणाचं ताट तिथेच मागवलं. जेवण झाल्यावर त्यांना खुर्चीतच डुलकी लागली. संध्याकाळी ठेकेदार स्वतः आला, त्याने कपाळाला हात लावला आणि रस्त्याला वळण दिलं. जाताना म्हणाला, "म्हातारं येडं हाय." गावाचं मतही काही वेगळं नव्हतं.

मी तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. माझं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या अंगाला. तिकडे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. आणि पारनेर तालुक्याच्या या कोपऱ्यात लोकांनी आभाळाकडे बघायची सवयसुद्धा सोडलेली. बदलीची ऑर्डर घेऊन मी खोली शोधत तात्यांच्या दारात आले आणि पहिल्या भेटीतच बोराटीने माझी ओढणी धरली. ओढणी सोडवायला गेले तर बाही अडकली, बाही सोडवली तर केस. तेवढ्यात आतून आवाज आला, "वढू नगा. जितकं वढाल तितकं आडकाल. मागं सरा."

मी मागे सरले आणि खरंच सुटले.

"आता या," तात्या म्हणाले. "खोली बघायची ना?"

बोराटी म्हणजे रानबोरीची लहान बहीण. खांद्याएवढी वाढते, पण आडवी फार पसरते. पान करंगळीच्या नखाएवढं, वरून हिरवं, खालून पांढुरकं. फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की कुठली कुठून निघाली ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. माळरानावर, डोंगराच्या उतारावर कुणी न लावता ती येते, आणि म्हणूनच तिला कुणी किंमत देत नाही. लोक तोडतात, कुंपणाला लावतात, कांद्याच्या ढिगाभोवती रचतात, शेळ्यांना पाला घालतात. तात्यांच्या बोराटीची मात्र काडी कुणी तोडायची नाही. बोरं खा, हवी तितकी खा, थंडीत तर तात्या स्वतः मूठभर बोरं उपकेंद्रात आणून टेबलावर ठेवायचे. पण फांदीला हात लावलेला दिसला की त्यांच्या तोंडून जे बाहेर पडायचं, ते ऐकून शेळ्यासुद्धा माना खाली घालून निघून जायच्या.

खोली ठरली त्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो चाकणला कंपनीत होता. म्हणाला, "मॅडम, भाड्याचं तुम्ही टेन्शन घेऊ नका. निरोप तेवढे पोचवत जा." मला वाटलं, गॅस सिलेंडर आला, बँकेतून फोन आला, असले निरोप असतील. संध्याकाळी उलगडा झाला.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांची बायको, म्हणजे माई, आत चुलीपाशी भाकरी करत होत्या. दोघांच्या मध्ये फक्त उंबरा होता. माईंनी शेवटची भाकरी परातीतून उचलली आणि मला म्हणाल्या, "नर्सबाई, त्यांना सांगा, जेवायला वाढलंय."

मी हसले. नव्या भाडेकरणीची गंमत करतायत, असं मला वाटलं. माई हसल्या नाहीत. ओट्यावर तात्या जसे बसले होते तसेच बसून राहिले, जणू त्यांच्या कानावर काही पडलंच नाही. शेवटी मी उंबऱ्यापाशी जाऊन म्हटलं, "तात्या, जेवायला वाढलंय."

"तिला सांगा, आलो," म्हणाले आणि लगेच उठले.

त्या घराचा हा कायदा होता. माई तात्यांशी थेट बोलत नसत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून तात्याही त्यांच्याशी बोलत नसत. मधे तिसरं कुणीतरी लागायचं. मुलगा लहान असताना तो निरोप पोचवायचा. हॉस्टेलला गेला तेव्हाच सुटलो, असं तो मला नंतर म्हणाला. त्यानंतर भाडेकरू आले नि गेले. भाडेकरू नसेल तेव्हा मांजर. "मने, त्यांना सांग, पाणी तापलंय." मांजर मेलं तेव्हा घरात दोन वेळा चूल पेटली नाही, एक तर मांजराचं दुःख आणि दुसरं म्हणजे जेवायला बोलावणार कोण, असं आमच्या आशाताई सांगायच्या. आशाताई म्हणजे गावातली आशा कार्यकर्ती. गावातल्या प्रत्येक घरातलं सगळं त्यांना माहीत, आणि विचारल्याशिवायही सांगायची त्यांची तयारी.

यात भांडण कुठेच नव्हतं, हेच मला पचायला जड गेलं. आवाज चढत नसे, भांडी आपटत नसत. तात्या बाजारातून माईंसाठी चिकणी सुपारी आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. माई त्यांची भाकरी नेहमी तव्यावरून थेट ताटात टाकायच्या. एकदा तात्या बोराटीची फांदी हातात धरून मला काटे दाखवत होते. बोराटीला जिथे पान तिथे काट्यांची जोडी असते, एक काटा सरळ, एक आकड्यासारखा वाकडा. तात्या म्हणाले, "ह्यो सरळ म्हंजी मी. ह्यो वाकडा म्हंजी आमची कारभारीन."

आतून माईंचा आवाज आला, "नर्सबाई, त्यांना सांगा, वाकडा काटा सोडवता येतो. सरळ काटाच आत मोडतो."

मी सांगितलं. तात्यांनी फांदी हळूच सोडून दिली आणि परसात निघून गेले. मला वाटलं होतं, नवराबायकोची थट्टा चाललीय.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, माई तुमच्याशी का बोलत नाहीत? ते चपलेतले काटे काढत होते. टायरच्या तळव्याची चप्पल, तिच्यात दिवसभरात रुतलेले काटे रोज संध्याकाळी दाभणाने उकरून काढायचे, हा त्यांचा नेम होता. मान वर न करता म्हणाले, "चूक माझी हाय." मग बराच वेळ दाभण चालवलं. "नर्सबाई, तिनं मला एकदा सरळ शिवी दिली ना, तोंडावर, तरी बास हाय. दुसरं काय मागत न्हाई मी देवाकडं."

दुसरा नेम माझ्या बाबतीतला. मी उपकेंद्रातून परत आले की चप्पल काढायच्या आत ते विचारायचे, "समदी बरी हायत का?" समदी म्हणजे गावातली तान्ही पोरं. तात्यांना मोठ्यांच्या आजाराशी काही देणंघेणं नव्हतं. कुणाचा बीपी वाढलाय, कुणाची साखर वाढलीय, हे सांगायला लागले की ते चपलेकडे वळायचे. पण कुठल्या वस्तीवर कुणाचं पोर जन्मलं, वजन किती भरलं, दूध ओढतं का, हे बारकाईने विचारायचे. मला बरं वाटायचं. म्हटलं, कुणाला तरी आपल्या कामाची किंमत आहे.

बायकांना ते मुळीच आवडायचं नाही. तात्या रस्त्याने येताना दिसले की बाळंतिणी पोराच्या तोंडावर पदर ओढून घरात शिरायच्या. लसीकरणाच्या दिवशी एक जण मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरमालकाला सांगा, आमच्या दारावरनं जाऊ नका म्हनावं. त्यो मानूस आला की काटं येत्यात."

मी विचारलं, कसले काटे? ती नुसती थू थू करून निघून गेली.

कसले ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. ओढ्याच्या पलीकडे वीटभट्टी होती. तिथे कामाला आलेल्या एका जोडप्याचं पोर दिवस भरायच्या आधीच झालं. मी आणि आशाताई पोचलो तेव्हा ते जेमतेम श्वास घेत होतं. अॅम्ब्युलन्समधून नगरला नेलं, पण तिसऱ्या दिवशी ते कापडात गुंडाळून परत आणलं. बाप विशीतला असेल. गावात त्यांचं कुणी नव्हतं. आपल्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. तो बाप कापडातलं पोर छातीशी धरून भट्टीपाशी उभा होता आणि कुठे जायचं हे त्याला कळत नव्हतं.

मी घरी धावले, कुदळ-फावडं मागायला. तात्या बोराटीपाशी दगडावर कोयता घासत होते. मी काहीच सांगितलेलं नव्हतं, तरी. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको नको ते बोलले. गिधाडसुद्धा म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ज्या बोराटीची काडी कुणाला तोडू देत नव्हते तिच्या चांगल्या जाडजूड फांद्या सपासप तोडल्या, मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि कुदळ माझ्या हातात दिली.

ओढ्याकाठी त्यांनीच खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर त्यांनी फांद्या रचल्या. मला वाटलं होतं, वरून टाकतील आणि मोकळे होतील. तसं नाही. एकेक फांदी दुसरीत अडकवत, पायाने दाबत, मग हाताने चाचपत. "सुटी टाकली तर कुत्री वढून नेत्यात," ते त्या बापाला सांगत होते, एखाद्याला छप्पर शाकारायला शिकवावं तसं. "एकमेकीत गुतवायची. मंग वर धोंडं. मंग कोल्हं येऊ दे न्हाईतर लांडगं." त्यांचे हात रक्ताने भरले होते.

त्या पोराच्या बापाने हात जोडले. तात्या एकदम खेकसले, "हात काय जोडतुस? घरी जा. बायकोजवळ बस आन बोल तिच्याशी. आजच बोल. उद्या बोलू म्हनशील तर जमायचं न्हाई."

तो गेल्यावर आम्ही परतलो. वाटेत मी माफी मागायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला समदेच म्हनत्यात."

घरी माई दारातच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "त्यांना इचारा, नीट झाकलं का?"

"सांगा, नीट झाकलं."

मग माईंनी सुई आणली. तात्या ओट्यावर बसले, माई समोर बसल्या, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्यातले काटे काढू लागल्या. कंदिलासारख्या त्या मिणमिणत्या बल्बखाली मान वाकवून, एकेक काटा. मी जायला निघाले तर म्हणाल्या, "थांबा. त्यांना इचारा, दुखतंय का?"

तात्यांचा हात माईंच्या मांडीवर, आणि प्रश्न माझ्या तोंडून. मी विचारलं, "तात्या, दुखतंय का?"

"तिला सांगा, न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आशाताईंनी मला सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी गावाने डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली होती. डोंगर पार बोडका झाला होता, विहिरी आटल्या होत्या, म्हणून साऱ्या गावाने मारुतीच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली: डोंगरावरची काडी तोडायची नाही, तिथे शेळी चारायची नाही. शपथ साऱ्यांनी घेतली, पण ती अंगात भिनली तात्यांच्या. तेव्हा ते तरुण होते. आपल्या शेळ्या त्यांनी विकून टाकल्या, चुलत्याच्या हातातला कोयता हिसकावून घेतला, सासूने आणलेली सरपणाची मोळी चावडीवर नेऊन टाकली. डोंगर हळूहळू भरू लागला. आधी गवत आलं, मग बोराटी.

आणि त्यांची मुलगी गेली. मुलाच्या पाठची, नुकती रांगायला लागलेली. तापाचं निमित्त झालं. डोंगराच्या पायथ्याशी तिला पुरली. वर टाकायला काटे हवे होते, आणि साऱ्या शिवारात चरून, तोडून बोराटी उरलीच नव्हती. ती होती फक्त समोरच्या डोंगरावर, हाताच्या अंतरावर. बरोबरची माणसं म्हणाली, दोन फांद्या तोडू, देव काही म्हणायचा नाही. म्हातारी माणसं म्हणाली, गाव डोळेझाक करील. तात्या म्हणाले, शपथ म्हणजे शपथ. उद्या दुसरा एखादा पोराचं नाव सांगून कुऱ्हाड घेऊन येईल. त्यांनी धोंडे रचले, होते तेवढे.

तिसऱ्या दिवशी माई दूध घेऊन गेल्या. धोंडे बाजूला सारलेले होते.

आशाताई एवढं सांगून थांबल्या आणि मीही पुढचं विचारलं नाही. माई त्या दिवशी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. घरी येऊन स्वयंपाक केला आणि मुलाला म्हणाल्या, "त्यांना सांग, जेवायला वाढलंय." त्यानंतर पावसाळ्यात तात्यांनी दारात बोराटीचं बी लावलं. दुष्काळात माणसांना टँकरचं पाणी पुरत नव्हतं तेव्हा आंघोळीचं पाणी तिला घातलं. आजूबाजूच्या कुठल्याही गावात तान्हं पोर गेलं की न बोलावता मोळी घेऊन जायचे. आता दवाखाने झाले, पोरं जगू लागली, बोराटी तोडायची वेळच येईना, म्हणून ती अशी बेफाम वाढलेली. मला ते कळल्यावर मी संध्याकाळी "समदी बरी हायत का" याचं उत्तर देताना कधी घाई केली नाही.

पुढे डोंगरावर पवनचक्क्या आल्या. यंत्रं वर न्यायला रस्ता हवा होता. ग्रामसभा झाली, ठराव झाला, आणि ज्यांनी शपथ घेतली होती त्यांच्यातलेच म्हातारे पहिल्या ओळीत बसून माना डोलवत होते. पायथ्याशी कुऱ्हाडबंदीची गंजलेली पाटी होती, ती जेसीबीने पहिल्याच फेरीत पाडली. वरची झुडपं उपटून ढीग केले आणि पेटवून दिले. ओली बोराटी जळताना धूर फार होतो. तो दिवसभर गावावर बसून राहिला. तात्या ओट्यावरून डोंगराकडे बघत होते. या वेळी त्यांनी खुर्ची उचलून नेली नाही. त्यांच्या दारातली बोराटी त्यांची होती, डोंगर गावाचा होता.

संध्याकाळी माई बाहेर आल्या. त्यांनीही धुराकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "नर्सबाई, त्यांना इचारा, तवा दोन फांद्या तोडल्या असत्या तर डोंगर बोडका झाला असता का?"

मी म्हटलं, "माई, हे मी नाही विचारणार."

"मंग तुमी इथं ऱ्हाता कशाला?"

तात्यांनी ऐकलेलं होतं. पण त्या घरात मी म्हटल्याशिवाय काहीच ऐकू येत नसे. ते माझ्याकडे बघत राहिले, वाट बघितल्यासारखे. मी विचारलं. शब्द बदलला नाही, तो अधिकार मला नव्हता. त्या रात्री तात्या जेवायला आले नाहीत. सकाळी मी दात घासत होते तेव्हा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले.

"तिला सांगा," ते म्हणाले, "नसता झाला."

मी तशीच, तोंडात फेस घेऊन, आत गेले. माई सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी सांगितलं. सूप थांबलं. त्यांनी सुपातला एक खडा शोधून काढला, बाहेर टाकला, आणखी एक काढला.

"त्यांना सांगा, चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून काहीतरी सैल झालं होतं, एवढं मला जाणवायचं. माई निरोप सांगताना माझ्याकडे न बघता तात्यांकडे बघायच्या. एकदोनदा तर त्यांचे ओठ हलले आणि मग त्या माझं नाव घेऊन मोकळ्या झाल्या. मला वाटायचं, आता बोलतील. पण इतकी वर्षं न चाललेली वाट, तिच्यावर पहिलं पाऊल टाकायचं कसं, ते बहुधा त्यांनाच उमजत नव्हतं.

मग माझी बदली झाली, श्रीगोंद्याकडे. सामान टेम्पोत चढवत होते तेव्हा माई मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, नवा भाडेकरू बघा."

तात्या म्हणाले, "तिला सांगा, ह्या काट्यात कुनी येत न्हाई ऱ्हायला." मग जरा थांबून, खाली बघत, "तिला म्हनावं, तूच बोल की आता."

मी उंबऱ्यापाशी गेले. माई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "माई, तात्या म्हणतात, तूच बोल की आता." त्यांच्या तोंडाकडे बघवेना. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "सांगा, बघू."

मी बाहेर येऊन तात्यांना सांगितलं, "बघू म्हणाल्या."

"बघू म्हनली?" त्यांनी माझा दंड धरला. "अशीच म्हनली? बघू?"

"अशाच."

"परत एकदा सांगा बरं, कसं म्हनली."

मी परत सांगितलं. टेम्पो वळणावरून वळला तेव्हाही ते बोराटीशेजारी उभे होते आणि हसत होते. त्यांना हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी त्यांचा फोन आला. त्यांना मोबाईलवर बोलायची सवय नव्हती, ते ओरडूनच बोलायचे, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली होता. "नर्सबाई, या. निरोप हाय."

मी वेड्यासारखी खूश झाले. मला वाटलं, बोलल्या! एसटीत बसल्यावर आशाताईंचा फोन आला तेव्हा कळलं की माई पहाटे गेल्या. चूल पेटवायला बसल्या आणि तिथेच कलंडल्या. दुखणं नाही, खुपणं नाही. मी आशाताईंना विचारलं, तात्यांशी काही बोलल्या होत्या का? मी गेल्यानंतर एकदा तरी?

"न्हाई ओ," आशाताई म्हणाल्या. "माझी दुसरीतली नात रोज सांच्याला जायची त्यांच्याकडं, निरोप सांगाया."

मी पोचले तेव्हा ओट्यापुढे माईंना निजवलं होतं. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. मुलगा चाकणहून येऊन बसला होता. बायका भोवती. तात्या कुठेच नव्हते. मुलाला विचारलं तर म्हणाला, सकाळी कोयता घेऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही. दारातली बोराटी तशीच होती, बोरांनी लाल झालेली, एक फांदी कमी झालेली नव्हती.

मग कुणीतरी डोंगराकडे बोट केलं. पवनचक्क्यांच्या रस्त्याने तात्या खाली येत होते. उघड्यावर, भर उन्हात, साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर. खांद्यावर बोराटीची एक फांदी होती. रस्त्याच्या पलीकडच्या घळीत थोडी उरली असणार, तिथली. देवळापुढे बसलेले म्हातारे उठून उभे राहिले. एक जण म्हणाला, "तात्या, डोंगरावरची?" तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते वळणावरून आले, आपल्या बोराटीला वळसा घातला आणि अंगणात येऊन ती फांदी माईंच्या उशाशी ठेवली. हातांवर, मानेवर ओरखडे होते. तळव्यात काटे मोडलेले दिसत होते.

एक बाई म्हणाली, "आवो, मयताजवळ काटं कशाला आनलं?"

त्यांनी मान वर केली आणि माणसांमधून मला शोधलं.

"नर्सबाई," ते म्हणाले, "तिला सांगा. डोंगरावरची तोडून आनली म्हनावं."

मुलाने तोंड फिरवलं. मी पुढे झाले, माईंच्या डोक्यापाशी गुडघे टेकले, त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. शब्द बदलला नाही. सांगून झालं, तरी मी सवयीने तशीच वाकून थांबले, त्यांचं उत्तर घेऊन जायला.